पोटमाळा आणि लॉफ्ट : कापसाच्या मजल्यांची दुसरी विक्री

‘विकणे आहे : शहराच्या ऐतिहासिक भागात, संपूर्ण नूतनीकरण केलेले लॉफ्ट अपार्टमेंट. उंच छत, मोठ्या खिडक्या, मूळ लोखंडी खांब, उघड्या विटांच्या भिंती.’ अशा धाटणीच्या जाहिराती परदेशात गेली चाळीस-पन्नास वर्षे निघत आहेत. आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही आता ‘लॉफ्ट’ हा शब्द घराची किंमत वाढवण्यासाठी वापरला जातो. या जाहिरातीत घराचे म्हणून जे चार गुण सांगितले आहेत, त्यांतला एकही मुळात घरासाठी निर्माण झालेला नाही. उंची, खिडक्या, खांब आणि विटा या चारही गोष्टी यंत्रासाठी आणि मालासाठी होत्या, आणि जगाच्या बऱ्याच भागांत तो माल म्हणजे कापूस आणि कापड.

मी घाटंजीत राहतो. यवतमाळ जिल्ह्यातला हा तालुका कापसाचा. येथे दिवाळीनंतरचे महिने बाजार समितीचे आवार, काटा आणि ओळीने उभ्या असलेल्या गाड्या यांत जातात. त्यामुळे शहरातल्या लॉफ्टची जाहिरात वाचताना मला त्यात घर दिसत नाही, कारखान्याचे वर्णन दिसते. हे वर्णन घरापर्यंत कसे पोहोचले, त्या प्रवासात कोणाला काय मिळाले आणि कोणाचे काय गेले, हे या लेखात मांडायचे आहे.

एका शब्दाचे चार मजले

मराठीत उंचावरच्या जागेला शब्दांची वाण नाही. जोंधळ्याच्या शेतात पाखरे राखण्यासाठी चार बल्ल्यांवर बांधतात तो माळा. कवेलूच्या घरात आढ्याखाली फळ्या टाकून केलेली जागाही माळाच. तिथे बियाणे, सांडगे-पापडांचे डबे आणि मोडलेला पाळणा राहतो. वाड्यात वर राहण्याजोगा मजला असेल तर ती माडी. मातीच्या सपाट छताला मराठवाड्यात माळवद म्हणतात, आमच्याकडे धाबे. मुंबईत तर ‘माळा’ म्हणजे सरळ मजलाच. ‘तिसरा माळा’ हा पत्त्याचा भाग असतो.

इंग्रजी ‘लॉफ्ट’चे मूळ जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘लोप्ट’ या शब्दात आहे. त्याचे दोन अर्थ होते : हवा किंवा आकाश, आणि वरची खोली. हवेसाठीचा जर्मन ‘लुफ्ट’ हा त्याच कुळातला. पुढे अमेरिकेत कारखान्याच्या किंवा गोदामाच्या मोकळ्या, भिंती नसलेल्या वरच्या मजल्याला लॉफ्ट म्हणू लागले.

आपल्या फ्लॅटमधला लॉफ्ट मात्र वेगळाच. न्हाणीघरावर किंवा स्वयंपाकघराच्या दारावर टाकलेली सिमेंटची फळी. आकाशकंदील, जुन्या सुटकेसी आणि दिवाळीच्या फराळाचे मोठे डबे तिथेच असतात. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेतही लॉफ्टची व्याख्या हीच आहे : दोन मजल्यांच्या मधली साठवणीची जागा, उंची जास्तीत जास्त दीड मीटर, वर जायला कायमची वाट नाही. म्हणजे संहितेच्या भाषेत लॉफ्टमध्ये माणूस ताठ उभा राहू शकत नाही, आणि जाहिरातीच्या भाषेत लॉफ्टमध्ये माणसाच्या डोक्यावर दोन पुरुष हवा असते. एकाच शब्दाच्या या दोन टोकांमध्ये आपल्या औद्योगिक इतिहासाचा बराच भाग मावतो.

छत उंच का होते?

सूतगिरणीची इमारत बहुमजली असे, कारण तिला एकच इंजिन असे. वाफेच्या इंजिनाची शक्ती दोर, पट्टे आणि लांब फिरते दांडे यांच्या साह्याने प्रत्येक यंत्रापर्यंत न्यावी लागे. अंतर जितके वाढेल तितकी शक्ती घर्षणात वाया जाई. म्हणून यंत्रे लांबवर पसरण्याऐवजी मजल्यांवर मजले चढवले गेले. पिंजणीची जड यंत्रे साधारणतः खाली, कताईचे साचे वर. फिरत्या दांड्यांना आणि पट्ट्यांना जागा हवी, म्हणून छत उंच. यंत्रांच्या रांगांमध्ये भिंत चालत नाही, म्हणून आतल्या भिंती नाहीत. भार पेलायला बिडाचे बारीक खांब. इमारत रुंद, त्यामुळे उजेड मधोमध पोहोचावा म्हणून खिडक्या उंच. कापसाच्या तंतूंना आग पटकन धरते, म्हणून लाकूड टाळून लोखंडी तुळयांच्या मध्ये विटांच्या लहान कमानी. आज ‘औद्योगिक सौंदर्य’ म्हणून ज्याचे फोटो निघतात, तो बहुतांशी अग्निभयावरचा उपाय आहे.

विणकामाचे तसे नाही. माग जमीन हादरवतात, म्हणून विणकामाचे खाते बहुधा एकमजली. त्याचे छत करवतीच्या दातांसारखे असते आणि दाताच्या उभ्या बाजूला काच असते. आपल्याकडे ती काच उत्तरेकडे ठेवत, म्हणजे ऊन थेट आत येत नाही आणि कापडावरचा दोष दिवसभर सारख्या उजेडात दिसतो. चित्रकाराच्या स्टुडिओलाही उत्तरेचाच उजेड लागतो. पुढे कलावंतांना अशा जागा आवडल्या, त्यात योगायोग कमी होता.

या उंचीला कायद्याचीही एक बाजू आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने नव्या कारखान्यात दर कामगारामागे किमान १४.२ घनमीटर जागा ठरवली, आणि ती मोजताना जमिनीपासून ४.२ मीटरच्या वरची हवा धरायची नाही असेही सांगितले. छत कितीही उंच केले तरी त्या हिशेबाने जास्त माणसे कोंबता येऊ नयेत, हा त्यामागचा विचार. लॉफ्टच्या जाहिरातीत आज विकली जाते ती नेमकी हीच वरची, हिशेबाबाहेरची हवा.

जीनमधला माळा

गिरणीच्या आधी जीन येते. शेतातून येतो तो कापूस. त्यातून सरकी वेगळी केली की उरते ती रुई. शंभर किलो कापसातून साधारण तेहतीस ते पस्तीस किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. ही फारकत करणारे यंत्र म्हणजे रेचा. चामड्याच्या खरबरीत रुळाला तंतू चिकटतात आणि रूळ व स्थिर पाते यांच्या फटीतून पलीकडे ओढले जातात. सरकी त्या फटीतून जाऊ शकत नाही. हलते पाते तिला ठोकत राहते आणि ती जाळीतून खाली पडते.

‘खाली पडते’ या दोन शब्दांवर जुन्या जीनची इमारत उभी होती. अनेक जुन्या जीनमध्ये रेचे वरच्या मजल्यावर आणि त्यांना फिरवणारा दांडा खालच्या मजल्यावर असे. कापूस वर चढवायचा, रुई वर गोळा करायची, सरकी आपोआप खाली. वजन उतरवण्याचे काम गुरुत्वाकर्षण करी, वर चढवण्याचे काम माणसे करीत. रेच्यांच्या तोंडाशी बसून कापूस भरवण्याचे काम बहुतेक ठिकाणी बायकांचे. दिवसभर त्यांच्या केसांवर, पापण्यांवर आणि श्वासात तंतू असत.

१९२५ च्या कापूस जिनिंग-प्रेसिंग कारखाने अधिनियमाने नव्या जीनमध्ये कापूस आत आणायचे आणि रुई बाहेर न्यायचे दरवाजे वेगळे ठेवण्याचे बंधन घातले. दोन्हींची सरमिसळ आणि भेसळ होऊ नये, हा हेतू. एखादी ओसाड इमारत जीन होती की नुसते गोदाम, याचा अंदाज घेताना मी आधी दरवाजे मोजतो, मग वरच्या तक्तपोशीत सरकी पडण्याच्या फटी शोधतो.

आमच्या भागात या इमारती का आल्या, त्याचा इतिहास सर्वपरिचित आहे. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकी कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव चढला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून नागपुरात गिरणी काढली, कारण येथे कापूस दाराशी होता आणि वरोऱ्याचा दगडी कोळसा जवळ होता. १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेल्या त्या गिरणीला, त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीने धारण केलेल्या पदवीवरून, एम्प्रेस हे नाव मिळाले. पुढे यवतमाळला मूर्तिजापूरकडून अरुंद मार्गाची गाडी आली, जिला लोक शकुंतला म्हणतात. घाटंजीला रेल्वे नाही. येथला कापूस आधी बंडीने आणि मग ट्रकने बाहेर गेला.

जीन ओस पडल्या त्याही टप्प्याटप्प्याने. १९७२ पासून राज्याची एकाधिकार कापूस खरेदी योजना होती, तोवर कापूस कोणत्या जीनला जाईल हे सरकारी यंत्रणा ठरवत असे. पुढे २००० मध्ये केंद्राच्या कापूस तंत्रज्ञान मोहिमेतून जिनिंगचे आधुनिकीकरण सुरू झाले. हवेच्या झोताने कापूस वाहून नेणारे नळ, स्वयंचलित भरणी, सिमेंटचे आवार आणि एकमजली पत्र्याची प्रशस्त शेड. नळ कापूस कुठेही नेऊ शकतात, तेव्हा सरकीला खाली पडायला मजला लागत नाही. वरच्या मजल्याचे कारणच संपले.

न्यूयॉर्कमध्ये काय घडले

कारण संपलेल्या मजल्यांचे काय करायचे, याचे पहिले गाजलेले उत्तर न्यूयॉर्कच्या सोहो भागातून आले. तेथल्या बिडाच्या दर्शनी भागाच्या पाच-सहा मजली इमारतींमध्ये कापड, कपडे आणि किरकोळ कारखानदारी चाले. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाने बाहेर जाऊ लागले. आगी इतक्या लागत की अग्निशमन दलाने या भागाला ‘नरकाचे शंभर एकर’ असे नाव ठेवले होते. भाडे कमी, जागा मोठी, उजेड भरपूर. म्हणून चित्रकार आणि शिल्पकार तेथे बेकायदा राहू लागले. १९६१ च्या सुमारास त्यांना इमारतीबाहेर ‘ए.आय.आर.’ म्हणजे ‘येथे कलावंत राहतो’ अशी पाटी लावण्याची मुभा मिळाली. आग लागली तर वर माणूस आहे हे बंबवाल्यांना कळावे, एवढाच तिचा उपयोग.

या भागातून द्रुतगती मार्ग नेण्याची योजना रहिवाशांच्या विरोधामुळे १९६९ मध्ये रद्द झाली. १९७१ मध्ये कलावंतांच्या राहण्याला नियमात जागा मिळाली आणि १९७३ मध्ये सोहोला ऐतिहासिक परिसराचा दर्जा मिळाला. त्यानंतर भाव चढले. ज्यांनी जागा राहण्याजोगी केली त्या कलावंतांपैकी पुष्कळांना ती परवडेनाशी झाली. १९८२ मध्ये भाडेकरूंच्या संरक्षणासाठी न्यूयॉर्क राज्याला लॉफ्ट कायदा करावा लागला. त्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ शेरॉन झुकिन यांचे ‘लॉफ्ट लिव्हिंग’ हे पुस्तक आले. कारखान्याची रिकामी जागा आधी कलावंताच्या नावाने प्रतिष्ठित होते आणि मग श्रीमंताला विकली जाते, हा क्रम त्यांनी दाखवून दिला. कामगार या क्रमाच्या आधीच बाहेर गेलेला असतो.

गिरणगावातले दोन माळे

१९८२ हे वर्ष मराठी माणसाला वेगळ्या कारणाने आठवते. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागे घेतला गेला नाही, आणि अनेक गिरण्या पुन्हा पूर्णपणे सुरू झाल्या नाहीत. मागे राहिली ती मध्य मुंबईतली सुमारे ६०० एकर जमीन.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने या जमिनीची ढोबळमानाने तीन भागांत वाटणी सुचवली : एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये या नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी सगळ्या जमिनीची न राहता फक्त मोकळ्या, बांधकाम नसलेल्या जमिनीची झाली. गिरणी म्हणजे बहुतांश बांधकामच. त्यामुळे वाटण्याजोगे फार थोडे उरले. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये याविरुद्ध निकाल दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००१ ची दुरुस्ती ग्राह्य धरली. एका शब्दाचा अर्थ बदलला आणि शेकडो एकरांचे भवितव्य बदलले.

गिरण्यांच्या इमारतींपैकी काही उरल्या त्या बहुधा कार्यालये, दुकाने आणि उपाहारगृहे म्हणून. फिनिक्स गिरणीच्या आवारात मॉल झाला. कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री छतावरच्या उपाहारगृहांना आग लागून चौदा माणसे गेली. ज्या आवारांची मूळ रचना आगीच्या धास्तीने झाली होती, तेथेच हे घडले. नागपूरची एम्प्रेस २००२ मध्ये बंद झाली आणि तिच्याही जमिनीवर मॉल उभा राहिला. राहण्यासाठी मात्र जुनी इमारत ठेवण्यापेक्षा पाडून मनोरा बांधणे मालकांना फायद्याचे होते. म्हणून मुंबईत अस्सल गिरणीतला लॉफ्ट दुर्मीळ आणि ‘लॉफ्ट’ नावाचे नवे फ्लॅट पुष्कळ.

अस्सल लॉफ्ट मुंबईत होता, पण तो चाळीत. दहा बाय बाराच्या खोलीत घरमालकाची परवानगी घेऊन किंवा न घेता फळ्या टाकून पोटमाळा केला जाई. खाली चूल, मोरी आणि म्हातारी माणसे. वर गावाहून आलेला पुतण्या, नवे जोडपे किंवा दहावीचा अभ्यास. पाळ्या बदलल्या की अंथरुणावरची माणसे बदलत. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकातले गिरणी कामगाराचे कुटुंब अशाच खोलीत राहते. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या शंभर माणसांच्या आठवणींतून जो इतिहास २००४ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात संप आणि गिरणीइतकीच खोलीही आहे. गिरणीतल्या मजल्याची हवा घनमीटरमध्ये मोजण्याचा कायदा होता. पोटमाळ्यावरच्या हवेला तसा कोणी मोजणारा नव्हता.

या दोन माळ्यांचा शेवटही वेगवेगळा झाला. गिरणी कामगारांसाठी म्हाडाची पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली, ६,९२५ घरांची. अर्जदार होते दीड लाखाच्या आसपास. घर २२५ चौरस फुटांचे, किंमत साडेसात लाख. त्यानंतर २०१६ आणि २०२० मध्येही सोडती झाल्या, पण अर्ज आणि घरे यांतली दरी मिटली नाही. गिरणीची जमीन चौरस फुटाच्या भावाने विकली गेली. तिच्यावर राबलेल्या माणसाच्या वाट्याला चिठ्ठी आली.

घेणाऱ्याने काय पाहावे

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग असे घर घ्यायचेच नाही का? माझे म्हणणे तसे नाही. जुनी इमारत पाडण्यापेक्षा तिच्यात राहिलेले बरे. विटा, लोखंड आणि सागवान यांत आधीच खर्च झालेले श्रम वाया जात नाहीत. पण अशा घराची पारख नेहमीच्या फ्लॅटसारखी करून भागत नाही.

पहिली गोष्ट वापराची. जमीन औद्योगिक वापरासाठी असेल तर ती निवासी वापरासाठी रीतसर बदलली आहे का, आणि भोगवटा प्रमाणपत्रावर ‘निवासी’ लिहिले आहे का, हे पाहावे. दुसरी गोष्ट वरच्या मजल्याची. उंच खोलीत मधे टाकलेला मजला मंजूर नकाशात पोटमजला म्हणून आहे की संहितेतला दीड मीटरचा साठवणीचा लॉफ्ट म्हणून? दुसरे असेल तर विक्रेता शयनगृह म्हणून फडताळ विकतो आहे. तिसरी गोष्ट क्षेत्रफळाची : रेरा कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे चटई क्षेत्र किती, ते लेखी घ्यावे. चौथी, बिडाच्या खांबांची. बीड दाब उत्तम सोसते, पण वाकवले की तडकते. म्हणून ज्या खांबांवर नवा मजला टांगला आहे त्यांची तपासणी पात्र अभियंत्याकडून झालेली असावी. नुसता काळा रंग म्हणजे दुरुस्ती नव्हे. आणि पाचवी, बाहेर पडण्याच्या वाटांची. कापसाच्या इमारतीला दोन वाटा असत. घर करताना त्यांतली एक बुजवली नाही ना, हे स्वतः चालून पाहावे.

आपल्याकडे काय उरणार

घाटंजीसारख्या गावात जुन्या जीनचा लॉफ्ट होणार नाही. येथे जागेला भाव आहे, इमारतीला नाही. जीन विकली जाते तेव्हा यंत्रे भंगाराच्या वजनाने जातात, सागवानी तुळया दाराच्या चौकटी होण्यासाठी जातात, पत्रे कोणाच्या तरी गोठ्यावर चढतात आणि जमिनीचे प्लॉट पडतात. एका परीने हाही पुनर्वापरच आहे, आणि कदाचित सोहोपेक्षा प्रामाणिक. पण त्यात इमारत कशी चालत होती हे ज्ञान पूर्ण नाहीसे होते.

ते वाचवायला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. एक मीटर-पट्टी, एक वही आणि दोन दुपारी पुरतात. इमारतीची लांबी, रुंदी, उंची, खांबांमधले अंतर, दरवाजे किती आणि कोणत्या बाजूंना, रेच्यावर आणि प्रेसवर कोरलेले कारखान्याचे नाव, सरकीच्या फटी, दांडा कोणत्या भिंतीतून आत येई. त्यानंतर तिथे काम केलेल्या दोन-तीन बायका आणि एखादा फिटर यांना जागेवर नेऊन विचारायचे, की तुम्ही कुठे बसत होता, पाणी कुठे होते, लेकरू कुठे निजवत होता. या प्रश्नांची उत्तरे नकाशावर जागच्या जागी लिहायची. शाळेतल्या दहावीच्या मुलांनाही हे जमते. मी काही ठिकाणी त्यांच्याकडूनच करून घेतले आहे. ‘लेकरू कुठे निजवत होता’ या प्रश्नाला बहुतेक बायका बोट दाखवतात ते रुईच्या ढिगाकडे किंवा जिन्याखालच्या कोपऱ्याकडे.

तो कोपरा कोणत्याही विक्रीच्या कागदात येत नाही, म्हणून तो नकाशात आला पाहिजे. यंदाचा कापूस बाजारात येतो आहे, आवारात माणसांची वर्दळ आहे, आणि ज्यांना जुन्या जीन चालताना आठवतात अशी माणसे अजून सांगायला बसलेली आहेत. पट्टी घेऊन जायचे ते याच मोसमात.